भाव चालू आहे

शेटेकाका रोज सकाळी फोनला नमस्कार करायचे. अंघोळ, देवपूजा आटोपून, धुवट सदरा-लेंगा घालून ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे, फोन समोरच्या स्टुलावर ठेवायचे आणि वाट बघायचे. जुन्या वस्तू विकण्याचं एक ॲप मीच त्यांच्या फोनवर घालून दिलं होतं. त्यावर दिवसातला पहिला निरोप आला की ते फोन दोन्ही हातांनी उचलत, कपाळाला लावत, पुन्हा खाली ठेवत आणि मग चष्मा पुसून वाचायला घेत. निरोपात बहुतेक वेळा एवढंच असे : 'अव्हेलेबल?'

"आहे म्हणूनच टाकलंय ना, गाढवा," काका मोठ्यानं म्हणत. लिहिताना मात्र लिहीत, 'आहे. आपण अवश्य यावे.' कारण ती भवानी असे. उभा जन्म भांड्यांच्या दुकानात गेलेला माणूस तो. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत पाठवायचं नाही, हा नियम त्यांच्या हाडीमाशी मुरलेला. त्यानं कितीही पाडून मागितलं तरी काहीतरी द्यायचंच, नुसती पळी का असेना. आणि भवानीचं गिऱ्हाईक म्हणेल तिथे जाऊन वस्तू दाखवायची, मग तो पायरी चढू न शकणारा म्हातारा असो की रिक्षातून न उतरणारी बाई. दुसऱ्या निरोपापासून मात्र काकांची जीभ मोकळी सुटायची.

'लास्ट प्राइस?' असं कुणी विचारलं की, 'शेवटचा भाव विचारता, पहिला तरी विचारलात का?' 'थोडं कमी करा ना अंकल' याला उत्तर, 'काय कमी करू, वजन की उंची?' आणि 'फायनल किती?' असं आलं की त्यांचं उत्तर ठरलेलं होतं : 'फायनल वैकुंठात. इथे भाव चालू आहे.' पुण्यात वैकुंठ म्हणजे स्मशान, हे बाहेरून आलेल्या मुलांना ठाऊक नसायचं. एकानं बिचाऱ्यानं लिहिलं, 'ते कुठे आलं? लोकेशन पाठवा.' "पाठवू की, घाई काय आहे," काका मला म्हणाले आणि बराच वेळ हसत राहिले. मीही हसले. तेव्हा ते हसण्यासारखंच वाटलं होतं.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते लग्नानंतर सासूबाई मला त्यांच्या दुकानात घेऊन गेल्या तेव्हा. सदाशिव पेठेतल्या आमच्या इमारतीत काका समोरच्याच दारात राहायचे आणि त्यांचं दुकान चार पावलांवर होतं. आजूबाजूच्या दुकानांत 'एकच भाव' अशा पाट्या. काकांकडे पाटी नव्हती, छताच्या कडीला टांगलेला पितळी पारड्यांचा मोठा तराजू होता. मला एक परात आवडली. काकांनी किंमत सांगितली. मी नवी नवरी, 'बरं' म्हणून पर्स उघडली. त्यांनी परात माझ्या हातातून काढून घेतली आणि फळीवर परत ठेवून दिली.

"वहिनी, तुमच्या सुनेला परात नकोय," ते सासूबाईंना म्हणाले.

"अहो, आवडलीय मला!" मी म्हटलं.

"मग भाव कर. मी सांगितली ती किंमत नाही, ती सुरुवात आहे. जो भाव करत नाही त्याला एक तर वस्तू नको असते, नाही तर त्याचं चित्त ठिकाणावर नसतं."

त्यांनी मला भर दुकानात घासाघीस करायला लावली. चुकले की "आता तू उठून जायला निघायचं" असं स्वतःच शिकवलं. मी उठून पायरीपर्यंत गेले तेव्हा मागून हाक आली आणि परात मी म्हटलेल्या भावात मिळाली, वर एक पळी. परत येताना सासूबाई म्हणाल्या, "चक्रम आहे, पण इतका सरळ दुकानदार दुसरा मिळायचा नाही." त्या दिवसापासून मी काकांची सूनबाई झाले. त्यांना मुलगा नव्हता. मेधा ही एकच मुलगी, ती लग्न करून कात्रजला गेली होती.

पुढे काकू गेल्या आणि मग दुकानही गेलं. जागामालकाला तिथे काही वेगळं करायचं होतं. उरलेला सगळा माल काकांनी दोन खोल्यांच्या घरात आणला. तांब्याचे बंब, घंगाळं, पितळी पातेली, समया, पळ्या. पलंगाखाली परातींची चळत, न्हाणीघराच्या माळ्यावर कळशा. बाहेरच्या खोलीत मेधाच्या पाळण्याची कडी होती, तिला तराजू टांगला. "दुकान बंद होतं सूनबाई, दुकानदार बंद होत नाही," असं म्हणत त्यांनी पारडी चिंचेनं घासून लख्ख केली.

मग मी ॲप घालून दिलं आणि काकांचं दुकान पुन्हा उघडलं. आलेल्या प्रत्येकाला त्यांचा पहिला प्रश्न, "कशाला हवंय?" मोडीत घालायला घेणाऱ्याला ते दारातूनच वाटेला लावायचे. नुकतं लग्न झालेली एक मुलगी घंगाळासाठी त्यांच्याशी कितीतरी दिवस ॲपवर भांडत होती. तिला त्यात फुलं ठेवायची होती. काकांना राग आला, पण ते भाव करत राहिले. शेवटी तिनं लिहिलं की आजीला आता बाथरूमपर्यंत चालवत नाही, पाय शेकायला घंगाळ बरं पडेल. काकांनी तिनं म्हटलेल्या भावात ते देऊन टाकलं. "बघ, भाव केला म्हणून आजी कळली," ते मला म्हणाले. "भाव चालू आहे तोवर माणूस दारात उभा असतो. उभा असला की बोलतो. ठरला की पाठ फिरवली, संपलं."

इमारत एव्हाना खचायला लागली होती. ती काही फार जुनी नव्हती, पण तिच्या पोटात वर्षानुवर्षं पाणी मुरलं होतं. पाहणी करायला आलेल्या इंजिनिअरनं जिन्यातल्या भेगांवर आडव्या काचेच्या बारीक पट्ट्या चिकटवल्या आणि सांगितलं, "काच तडकली तर समजायचं, भेग चालतेय." थोड्याच दिवसांत जिन्यातली पट्टी तडकली. मग आमच्या मजल्यावरची. खाली पार्किंगमध्ये लोखंडी टेकू आले. छतातून रेव गळायला लागली. माझ्या घरात ती फरशीवर पडायची, त्यामुळे कळायची नाही. काकांच्या घरात ती भांड्यांत पडायची. आम्ही बोलत असायचो आणि मधेच कुठल्यातरी पातेल्यातून आवाज यायचा, टिण्ण. मी दचकून वर बघायची.

"तेही भाव करतंय," काका छताकडे बोट दाखवून म्हणायचे. "थोडं थोडं खाली येतंय."

मला ती चेष्टा आवडली नाही. त्याहून मला तो तराजू नकोसा व्हायला लागला. रोज सकाळी त्याचं एक पारडं खाली गेलेलं असायचं. रिकामा तराजू, वाऱ्याची झुळूक नाही, आणि एक पारडं खाली. काका स्टुलावर चढून त्यातली रेव फुंकून टाकायचे, पारडी सारखी झाली की खाली उतरायचे. एके दिवशी मी गेले तेव्हा त्यांना ती फुंकरीनं जाईना, ओंजळीत काढून घ्यावी लागली. मला बघितल्यावर त्यांनी ओंजळ खिशात रिकामी केली. तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

त्याच सुमाराला बंबाला एक गिऱ्हाईक आलं. 'फौजेत आहे, बदली झालीय, बंब घेतो, तुम्ही सांगाल ती किंमत. पैसे आत्ताच पाठवतो, फक्त हा कोड स्कॅन करा.' मी खूश झाले. एवढं मोठं धूड घरातून जाणार होतं. काकांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला, परात घेतली होती तसाच.

"सूनबाई, पाण्याचा बंब आहे. गळतो का, तोटी नीट बसते का, राख कुठून काढायची, एका शब्दानं विचारलं नाही. भाव केला नाही, म्हणजे त्याला बंब नकोय. मग काय हवंय?"

पलीकडच्या इमारतीतल्या एका निवृत्त गृहस्थांनी तसलाच कोड स्कॅन केला आणि त्यांचं खातं धुऊन निघालं, हे आठवडाभरात कानावर आलं. "भाव न करणाऱ्याला दारात उभं करू नये," काकांनी मला बजावलं. "तो कशासाठी आलाय ते आपल्याला ठाऊक नसतं."

महापालिकेची नोटीस लागली. इमारत धोकादायक आहे, रिकामी करा. एकेक बिऱ्हाड हललं, आम्हीही बिबवेवाडीत भाड्याचं घर घेतलं. काका हलले नाहीत. मेधा येऊन रडली, भांडली, एकदा तर सामानाची पिशवी भरून जिन्यापर्यंत ओढत घेऊन गेली. काकांनी ती पिशवी परत आणून जागेवर रिकामी केली. "माल आत असताना दुकानदार बाहेर झोपत नाही," एवढंच म्हणाले. माल विकला गेला की येईन, असं त्यांनी तिला वचन दिलं. पण बिऱ्हाडं जशी कमी होत गेली तसे ते भावाला चिवट होत गेले. पाचपन्नास रुपयांवरून सौदे तुटायला लागले. मेधा मला फोनवर म्हणाली, "ताई, बाबांना विकायचंच नाहीये. सौदा लांबवला की तिथे राहता येतं ना." ती म्हणाली ते खरं होतं. इतके दिवस समोर राहून मला ते सुचलं नव्हतं.

मी एकाआड एक दिवस स्कूटरवरून डबा घेऊन जायची. एकदा दुपारी गेले तर दारात दोन माणसं. समया बघायला आलोय म्हणाले, पण समईकडे बघतच नव्हते. एक जण चौकटीवर बोटं वाजवून बघत होता, दुसरा छताकडे बघत होता. इमारती पाडायच्या आधी दारं-खिडक्या विकत घेणारे लोक होते ते.

"आजोबा, हे दार सागवानी आहे. कितीला द्याल?"

"मी आत असताना?"

"तसं नाही, नंतर."

"नंतर म्हणजे कशानंतर?" काकांनी विचारलं. त्या माणसानं चौकटीवरचा हात काढून घेतला. काका शांतपणे म्हणाले, "भाव बोला. बोलायला काय जातंय?" आणि माझ्यासमोर त्यांनी स्वतःच्या घराच्या दाराचा भाव करायला सुरुवात केली. बिजागऱ्या धरून की सोडून, कडीकोयंडा पितळी आहे तो वेगळा. माणसं कंटाळून निघून गेली. काका हसले नाहीत. नुसते दाराकडे बघत बसले.

त्यानंतर काहीतरी बदललं. त्या आठवड्यात मला डबा घेऊन जाता आलं नव्हतं. बिबवेवाडीत बसून मी त्यांच्या जाहिराती चाळायची, तर एकेका वस्तूखाली 'विकले' असं यायला लागलं. समया गेल्या, परातींची चळत गेली, बंबही गेला. मेधा आनंदात होती, "ऐकलं एकदाचं बाबांनी!" मी काकांना फोन केला.

"बंब कितीला गेला?"

"मागितला तेवढ्याला."

"घासाघीस नाही केलीत?"

"नाही."

"कशाला हवा होता त्याला?"

"विचारलं नाही," काका म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

जो भाव करत नाही त्याला वस्तू नको असते, नाही तर त्याचं चित्त ठिकाणावर नसतं. मला हे कुणी शिकवलं होतं? दुसऱ्या दिवशी मी गेले. दोन्ही खोल्या धुऊन काढल्यासारख्या रिकाम्या. देव, खुर्ची, स्टूल आणि मधोमध तराजू. रेव आता माझ्या घरासारखीच फरशीवर पडत होती, आवाज न करता.

"आता कसं शांत वाटतं," काका म्हणाले.

"काका, माल संपला. तुमचं वचन आहे. चला."

"तराजू आहे की."

"तो घेऊन चला."

"मेधाकडे कडी नाही. तिनं ते खोटं छत करून घेतलंय. आणि तराजू विकतही नसतात, सूनबाई. बाकी सगळं विकावं. तराजू विकला की दुकानदार संपला."

मी पुष्कळ बोलले, चिडले, शेवटी हात जोडले. ते पारड्याकडे बघत राहिले. निघताना मला म्हणाले, "डबा उद्यापासून आणू नकोस. जिना चांगला राहिला नाही." मी अर्थातच आणत राहिले. पण ते दारातूनच डबा घ्यायचे, मला आत बोलवायचे नाहीत.

मग एका सकाळी चहा घेताना मी ॲप उघडलं आणि पहिलाच फोटो दिसला तो तराजूचा. कडीवरून काढून फरशीवर ठेवलेला, साखळ्या गुंडाळलेल्या. किंमत टाकल्याशिवाय ते ॲप पुढे जाऊ देत नाही, म्हणून लिहिलं होतं : एक रुपया. खाली काकांच्या पद्धतीनं दोन ओळी होत्या. 'प्रथम येईल त्यास. दार उघडे आहे. मालक दिसला नाही तरी न्यावे.'

ती शेवटची ओळ मी दोनदा वाचली. काकांनी कात्रजला जायचं नाही असं ठरवलंय, माल संपवून त्या छताखाली बसून राहायचं ठरवलंय, हे मला लख्ख कळलं. मी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. मेधाला लावला, ती म्हणाली, "माझाही उचलत नाहीयेत," आणि तशीच निघाली. पण कात्रजहून तिला यायला वेळ लागणार होता, मी जवळ होते. स्कूटरची किल्ली हातात घेतली आणि थांबले. गेले तरी काय करणार होते? रडून, भांडून, हात जोडून झालं होतं. सुनेचं आणि लेकीचं ते ऐकत नव्हते. त्यांनी आजवर कुणाचं ऐकलं होतं तर ते फक्त पहिल्या गिऱ्हाइकाचं. दुसऱ्या कुणी आधी लिहिलं असतं तर सगळंच संपलं असतं. मी उभ्या उभ्या ॲपवर लिहिलं : 'एक रुपया फार होतो. आठ आणे.'

स्कूटर कशी चालवली ते मला आठवत नाही. इमारतीखाली पोचले, टेकूंपाशी लाल-पांढरी पट्टी बांधली होती. फोन बघितला. उत्तर आलं होतं.

'सूनबाई, चेष्टा पुरे.'

म्हणजे फोन कपाळाला लावून झाला होता. मी लिहिलं, 'चेष्टा नाही. भवानी माझी आहे. परत पाठवता?'

वरच्या खिडकीकडे बघायचं मला धाडस होईना. मग आलं, 'वस्तू वर येऊन पाहावी.'

'जिना चांगला राहिला नाही असं दुकानदारानंच सांगितलंय. खाली आणून दाखवा.'

'जड आहे.'

'मग चार आणे.'

मी देवाचं नाव घेत होते आणि मनात काकांना शिव्याही घालत होते. मग वर कुठेतरी पितळ पितळेवर आपटल्याचा आवाज झाला. पायरी, आवाज. पायरी, आवाज. मधल्या वळणावर तो थांबला. तिथलीच काच सगळ्यात आधी तडकली होती. मी पट्टीखालून वाकून आत शिरले आणि ओरडले, "काका, गिऱ्हाईक उठून चाललंय हं!"

"थांब म्हणावं," वरून आवाज आला. "इतकी घाई असेल तर एकच भाव वाल्याकडे जा."

ते खाली आले. खांद्यावर जुन्या चादरीत बांधलेला तराजू, छाती भात्यासारखी चाललेली, सदऱ्यावर पांढरी धूळ. मी त्यांना धरून रस्त्यापलीकडच्या ओट्यावर नेऊन बसवलं. त्यांनी गाठ सोडली, दांडी हातात धरून तराजू उचलला. एक पारडं एकदम खाली गेलं. त्यात लाल फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं. मी फडकं उकलून बघितलं तर आत देव होते. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, काकूंच्या माहेरचा गणपती. देव खाली आले म्हणजे काका आता वर जाणार नव्हते. मी तिथे रस्त्यात रडले, येणाऱ्याजाणाऱ्यांची पर्वा न करता.

"चार आणे चलनात नाहीत, सूनबाई," काका दम खात म्हणाले.

"माहीत आहे."

"मग सौदा पुरा कसा व्हायचा?"

"नाहीच होणार. भाव चालू ठेवू."

त्यांनी माझ्याकडे इतका वेळ बघितलं की मला नजर खाली घ्यावी लागली. मग म्हणाले, "भाव करायची अक्कल कुणी दिली तुला?" मेधाची रिक्षा आली, ती धावत येऊन त्यांच्या गळ्यात पडली. तिच्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "रडू नकोस. माल बाहेर आलाय." तराजू मी घेऊन गेले. देव आणि काका कात्रजला गेले.

त्याच पंधरवड्यात एका दुपारी इमारतीची मागची बाजू खाली बसली. आत कुणी नव्हतं. मी बघायला गेले तेव्हा काकांची बाहेरची खोली अर्धी उघडी पडली होती. खिडकी आणि खुर्ची जिथे असायची तिथे काहीच नव्हतं. पाळण्याची कडी मात्र उरलेल्या छताला तशीच होती. मी काकांना हे सांगितलं नाही. त्यांना ते पेपरात वाचून कळलं. त्यावर त्यांनी मला एवढंच लिहिलं, 'दार गेलं का?'

नंतरचे महिने रोज सकाळी माझा फोन वाजायचा. जाहिरात त्यांनी काढली नव्हती, सौदा ठरल्याशिवाय 'विकले' म्हणायचं नाही, हा नियम. 'बारा आणे.' 'साडेआठ.' 'साखळ्या नव्या आहेत.' 'गंजल्यात.' 'डोळे तपासून घे.' मेधा सांगायची, बाबा अंघोळ करून फोन घेऊन बसतात, तुमचं उत्तर आल्याशिवाय चहा घेत नाहीत. कात्रजला त्यांचं मन रमलं असं मी म्हणणार नाही. चौदाव्या मजल्यावर राहणाऱ्याला गिऱ्हाईक काय येणार, असं ते म्हणायचे. पण ते उठत होते, कपडे बदलत होते आणि माझ्याशी भांडत होते.

थंडीत त्यांना दम लागायला लागला. दवाखान्यातून घरी आणल्यावर निरोप तुटक झाले, पण थांबले नाहीत. आणि एका सकाळी फोनवर फक्त एक शब्द आला : 'फायनल?'

सगळ्या जन्मात त्यांनी हा शब्द स्वतःहून कुणाला विचारला नव्हता. विचारणाऱ्याला कुठे पाठवायचे ते मला ठाऊक होतं. मी स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी उभी राहून कितीतरी वेळ तो शब्द बघत राहिले. 'हो' म्हणणं सोपं होतं, त्यांना कदाचित तेच हवं होतं. माझ्यानं म्हणवेना. मी लिहिलं, 'कसलं फायनल? सहा आणे. भाव चालू आहे.' त्या निरोपापुढची खूण एकच राहिली, वाचल्याची दुसरी उमटली नाही. दुपारी मेधाचा फोन आला.

वैकुंठात सगळं आटोपल्यावर मेधा माझ्याजवळ येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले होते. हळूच म्हणाली, "ताई, बाबा म्हणायचे ना, फायनल वैकुंठात. मग तराजूचं काय ठरलं?"

"नाही ठरलं," मी म्हटलं.

तराजू आता बिबवेवाडीत आमच्या बाहेरच्या खोलीत टांगलेला आहे. घर नवं आहे, छत पक्कं आहे, रेव गळत नाही. तरी सकाळी उठल्यावर मी आधी पारड्यांकडे बघते आणि ती सारखी असली की मग चहा ठेवते. ही सवय जाईल असं वाटत नाही.

परवा मेधाचा निरोप आला. काकांचा फोन तिनं अजून बंद केलेला नाही. सकाळी कुणीतरी अनोळखी माणसानं त्या जाहिरातीवर विचारलं होतं, 'लास्ट प्राइस?' जाहिरात काढून टाकू का, तिनं मला विचारलं. मी तिला म्हटलं, दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक आहे, आधी फोन कपाळाला लाव. मग लिही, भाव चालू आहे.